आप्पाची झोळी आणि मी एरियलची तार

मी एरियलची तार बोलतेय. दचकू नका, हात लावला तरी शॉक बसत नाही. म्हणजे, मालक माईकवर बोलत नसतील तर.

मी सोलापुरातल्या एका मोटर-वाइंडिंगच्या दुकानात वेटोळं होऊन पडले होते. पंचाक्षरी मास्तरांनी मला घरी आणलं, मापून दोन सारखे तुकडे केले, मधे वीज अडवायला चिनीमातीचा गुल्ला बसवला आणि गच्चीवरून चिंचेला ताणलं. परवाना काढून हौसेनं रेडिओवर बोलणाऱ्यांची एक जमात असते, मास्तर त्यातले. त्यांचा आवाज हवेत सोडायचा आणि दुसऱ्यांचा पकडायचा, हे माझं काम.

हे झालं मास्तरांचं म्हणणं. मालकीणबाई गौरम्मांच्या मते माझं काम म्हणजे दुपटी वाळवणं.

"अगं, एरियल आहे ती!" मास्तर ओरडायचे.

"असू दे की! पोराला ओलं दुपटं घालू काय? छातीत कफ झाला म्हणजे तुमची एरियल उतरवणार हाय का?"

पोर म्हणजे आप्पा. आजोबांचं नाव ठेवलेलं, म्हणून अजून दातही न आलेल्या त्या जिवाला सगळी आळी 'आप्पा' म्हणायची. गौरम्माला त्याची सतत धास्ती. शिंकला तरी भीती, नाही शिंकला तरी भीती.

त्या थंडीत तिला आणखी एक घोर लागला. बेळगावला तिचा थोरला भाऊ शिवयोगी कावीळ होऊन पडला होता. मास्तरांच्या डोक्यात रेडिओचं खूळ घातलं ते त्यानंच. पत्र आलं, 'प्रकृती उत्तम आहे.' अक्षर मात्र दुसऱ्याचं.

"पत्रात सगळेच उत्तम असत्यात," गौरम्मा म्हणाली. "अण्णाचा आवाज ऐकल्याबिगर मला घास उतरायचा नाही."

पण आमच्या पेठेत यंत्रमाग. माग सुरू झाले की माझ्यात नुसती घरघर भरायची. तेवढ्यात रविवारी मैदानी मेळा ठरला. त्या दिवशी हौशी मंडळी आपापले सेट घेऊन उघड्यावर जातात आणि बॅटरीवर बोलतात. शिवयोगी धड असेल तर बेळगावहून नक्की बोलेल. मास्तरांनी मला गुंडाळलं आणि मित्र इसूफच्या ट्रकमधून मंद्रूपच्या रस्त्याला एका माळावर नेलं. गौरम्माही आली, आप्पाला दोन शालींत गुंडाळून.

तिथं एकच कडुनिंब. त्याच्या शेंड्याला माझं एक टोक, ट्रकवर उभ्या केलेल्या बांबूला दुसरं. बरोबर आणलेली दोरी सगळी मला वर ताणण्यातच गेली.

"और ऊपर लो मास्तर," इसूफ म्हणाला. "जितकी उंच, तितकं लांबचं ऐकू येतंय."

आलंही लांबचंच. कोण जाणे कुठल्या मुलखातले लोक माझ्यावर येऊन आदळत होते. मास्तर "बेळगाव, बेळगाव" करून दमले. बेळगाव काही बोलेना. गौरम्मा गुडघ्यावर हनुवटी टेकून त्या डब्याकडे बघत बसली होती.

शेवटी मास्तर आणि इसूफ ट्रकच्या सावलीत कडक भाकरी नि शेंगाचटणी घेऊन बसले. सेट चालूच होता. गौरम्मानं घास घेतला नाही.

आणि आप्पानं भोकाड पसरलं. त्याला झोप आलेली, आणि झोळीशिवाय तो झोपत नसे. झोळीला लुगडं होतं, दोरी नव्हती. गौरम्मानं वर पाहिलं. दोरी सगळी माझ्याच दोन्ही टोकांना होती.

बाईनं मला दोन्हीकडून सोडलं, खाली आणलं, आणि जुन्या दुपट्याच्या चिंध्या फाडून एक टोक खालच्या फांदीला, दुसरं ट्रकच्या फळीला बांधलं. दोरी गेली झोळीला. हात मोकळा झाला तसं सवयीनं एक ओलं दुपटंही माझ्यावर टाकलं.

मास्तर भाकरी टाकून धावले. "गौरा! केलंस काय हे! आता बेळगाव कसलं, माळाच्या पलीकडचंसुद्धा—"

"दाजी!" सेट कडाडला. "अहो दाजी, मघाधरनं हाका मारतोय की! कान कुठं गहाण टाकलाय?"

उंचावर मी लांबचं धरते, जमिनीजवळ आले की जवळचं; लांबचे सगळे गोंगाट खाली बसले होते आणि त्यांच्याखाली दबलेला शिवयोगी वर आला होता. मास्तरांनी आधी माझ्यावरचं दुपटं ओढलं, मग माईक.

"पाव्हणं, तब्येत कशी हाय?"

"उठून बसलोय. पण ताक-भात खाऊन जीव विटलाय बघा."

गौरम्माला माईकवर बोलायची मुभा नव्हती, परवाना मास्तरांचा. ती तोंडावर पदर दाबून हातवारे करत होती, तळण नको, तळण नको! डोळ्यांतलं पाणी गालावर आलं तरी हात थांबेना. तेवढ्यात झोळीतून आप्पानं असा सूर लावला की तो सगळा बेळगावला पोचला.

 मग शिवयोगी म्हणाला, "दाजी, हा कोण नवा? ह्याला परवाना कुणी दिला?"

गौरम्मा इतकी हसली की इसूफनं तिच्या पुढ्यात भाकरी सरकवली, आणि तिनं ती खाल्ली.

त्याला आता वर्षं झाली. मी पुन्हा गच्चीवर आहे. थोडी हिरवट झालेय, मधे एक सांधा बसलाय. आप्पा शाळेत जातो आणि स्वतःची चड्डी स्वतःच माझ्यावर वाळत घालतो. माझी त्याबद्दल तक्रार नाही. बाई, विनंती एवढीच, रविवारी तेवढे कपडे माग सुरू व्हायच्या आत काढत जा. पलीकडं तुमचा भाऊ ताटकळत बसतो, आणि माझ्या अंगावर चादरी!