हजार फूट वर

उणे पंचेचाळीस अंश. रात्रभर चुलीजवळ ठेवलेलं तेल विमानाच्या इंजिनात ओतलं आणि अलास्काच्या डोंगरांवरून निघालो. पुढे मी, मागे मला उडायला शिकवणारी एल्सी आत्या. खिंड दहा हजार फुटांवर, उंचीचा काटा अकरा हजारांवर. तरी ती माझ्या पाठीत बोटं खुपसत होती.

"अजून वर घे."

"हजार फूट वर आहोत, आत्या. किती भ्यायचं?"

"असल्या थंडीत काटा थापा मारतो, गाढवा. आहोत त्याहून जास्त दाखवतो. घे वर."

चिडून घेतलं. ढग फाटला. खिंडीचा बर्फ चाकांना चाटून गेल्यासारखा खालून सरकला.

खिंड मागे पडल्यावर आत्या म्हणाली, "तुझा बापही रेडिओवर शेवटचं हेच बोलला होता. हजार फूट वर आहोत."