काचेपुढचा शिक्का

तुम्ही मला फसवलंत. करारावर सह्या केल्यात, हात हलवत गाड्यांत बसून निघून गेलात आणि मला जॉर्डन नदीवरच्या, अरीहा गावाजवळच्या पुलावर, एका काउंटरवर मांडून ठेवलंत. म्हणालात, "आता तुमचा कारभार तुम्ही करा." कारभाराचं सोंग करा, असं खरं बोलायची छाती तुमच्यात नव्हती.

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. लाकडी मूठ, रबरी तळवा, तळव्यावर गरुड आणि त्याखाली आमच्या पॅलेस्टिनी प्राधिकरणाचं नाव. बाजूचं चाक फिरवलं की ‘आगमन’, उलटं फिरवलं की ‘प्रस्थान’.

मला कोरलं नाबलुसच्या अबू नाइफने. तो साबणवाल्यांचे छाप कोरायचा. मला हातात धरून तो आपल्या बायकोला म्हणाला, "आयुष्यभर साबणावरचे छाप केले. दोनदा अंघोळ केली की गेले. हा मात्र पुसला जायचा नाही." बायको म्हणाली, "आधी कोरून तर पुरा कर, मग भाषण दे."

मला ज्याच्या हातात दिलं तो वसफी, अरीहाचाच माणूस, नवा कोरा गणवेश घातलेला. पहिल्या दिवशी कुवेतहून आलेल्या एका म्हाताऱ्याने पासपोर्टावर माझा ठसा पाहिला आणि मनगट पुढे केलं. "बाळा, इथेही एक मार. पासपोर्ट कपाटात राहतो, हात माझ्याबरोबर कबरीत येईल." वसफीने मारला. म्हातारा हात वाऱ्यावर वाळवत गेला. त्या दिवशी माझ्याइतका मोठा शिक्का जगात नव्हता.

पण वसफीच्या पाठीमागे एक काळी काच होती. आतल्याला बाहेरचं दिसे, बाहेरच्याला फक्त स्वतःचं तोंड. काचेखाली एक खण होता. वसफी हसून "अहलन, अहलन" असं स्वागत करत पासपोर्ट घ्यायचा, त्यात एक चिठ्ठी घालून खणात ठेवायचा, आत ढकलायचा. आत इस्रायली अधिकारी बसलेला असे. आतून ‘टक’ असा एक कोरडा आवाज येई आणि त्या चिठ्ठीवर खूण होऊन खण परत बाहेर येई. खूण असली तरच माझी पाळी.

तो ‘टक’ माझ्या काळजात घुसला. आत दुसरा शिक्का होता! कसा असेल? माझ्यापेक्षा देखणा? हस्तिदंती मुठीचा? मी दिवसभर त्याचाच विचार करायचो. लोक चुंबन घ्यायचे माझ्या ठशाचं आणि माझं लक्ष त्या खणाकडे. अगदी नदीपलीकडच्या जॉर्डनी शिक्क्याचाही मला हेवा वाटे. आळशी मेला, नेहमी अर्धवट उमटायचा, पण त्याच्या पाठीमागे काच नव्हती.

एकदा वसफी काचेत बघून मिशी सारखी करत होता. आतून कुणीतरी खो-खो हसलं. त्यानंतर त्याने काचेत पाहिलं नाही.

मग सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात रुवैदा आली. नदीपलीकडच्या झरका गावची मुलगी, वसफीचा पुतण्या अदहम याची नवरी. गुरुवारी लग्न होतं. पेटीत आईने भरतकाम केलेला झगा, बरोबर खाला, तिची मावशी. बाहेर अदहम आणि सगळं वऱ्हाड उन्हात ताटकळत उभं. वसफी फुलून गेला होता. त्याने पासपोर्ट घेतला आणि सवयीने खण ओढला.

रुवैदा म्हणाली, "काका, हे कुठे पाठवताय?"

"आत. एक मिनिटाचं काम असतं पोरी."

"हा शिक्का तुमचाच ना?"

"मग काय! गरुड बघ ना त्यावरचा."

"गरुड दिसला. मग तुम्ही वाट कुणाची बघताय?"

खालाने तिला कोपर मारलं. "गप बस गं! लग्नाआधीच सासरच्यांशी भांडतेस?"

वसफी लाल झाला. खण त्याने तसाच सोडला, मला उचललं, शाईच्या गादीवर दाबलं आणि असं हाणलं की काउंटर हादरलं. आगमन! मग दाराकडे तोंड करून ओरडला, "अदहम, आली रे तुझी नवरी!" बाहेर बायकांनी जिभा हलवून असा गजर केला की पुलावरच्या बसमधले लोक उठून बघायला लागले. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी एकदाच खरा शिक्का होतो, आणि तो एवढाच वेळ.

काचेवर आतून बोटाने टकटक झाली.

वसफीने पासपोर्ट खणात ठेवला. खण बराच वेळ आतच राहिला. बाहेर आला तेव्हा माझ्या गरुडावर एक ठसा होता: ‘रद्द’.

अखेर मी त्याला पाहिलं. बोटाएवढा, चौकोनी. ना पक्षी, ना पान, ना फूल. एक शब्द, एक आकडा. त्याला नटायची गरजच नव्हती. खोटं कशाला बोलू, मी रुवैदासाठी रडलो नाही. मी जळलो. त्याच्याइतकं निर्दय व्हायला मी तयार होतो, फक्त माझं ऐकलं जावं.

रुवैदाने पेटी उचलली. "काका, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका," एवढंच म्हणाली आणि परतीच्या बसमध्ये बसली. बाहेरचा गजर हळूहळू थांबला.

तिला आणायला चार महिने अर्ज केले, नकार आले. शेवटी अदहमच तिच्याकडे निघाला, कायमचा. वसफीने चाक फिरवलं, ‘प्रस्थान’. पुतण्याकडे न बघता त्याने पासपोर्ट खणात टाकला. यावेळी मिनिटही लागलं नाही. टक. जाणाऱ्यासाठी तो खण नेहमीच लवकर उघडायचा. आमच्या गावातला एक माणूस कमी झाला आणि त्यावर ठसा माझा, स्वच्छ, ठळक, कुणीही रद्द न केलेला.

दोन हजार साली उठाव पेटला, गोळीबार सुरू झाला आणि आमचं काउंटर बंद झालं. वसफीने मला खिशात घालून घरी आणलं. आता मी खजुराच्या डब्यात असतो. रबर तडकलंय. कधीतरी तो मला काढतो, तोंडाची वाफ देतो आणि तळहातावर दाबतो. गरुडाचा एक पंख उमटतो.

मित्रांनो, तुमच्या हातात कुणी झेंडा, खुर्ची, शिक्का दिला तर तो जरूर जपा. पण आधी मागे वळून बघा, पाठीमागे काच आहे का.

आणि तुम्ही, सह्या करणारे! माझा एकच प्रश्न आहे, रुवैदाचाच आहे. ज्या दाराचा ‘हो’ माझा नाही आणि ‘नाही’ही माझा नाही, ते दार माझं कसं? बोला. उत्तर खणातून ढकलू नका. काचेबाहेर या आणि तोंडावर सांगा.