भिंतीकडे तोंड केलेलं पिंप

मित्रांनो, मी एक जुनं स्टीलचं पिंप आहे. पिण्याच्या पाण्याचं. व्याकरणात मी नपुंसकलिंगी. पण त्या लिंगात स्वतःविषयी बोलायला गेलं की फार अवघडायला होतं, म्हणून मी 'आलो, गेलो' असंच बोलणार आहे. कुणाची हरकत असेल तर ती पाणी पिऊन झाल्यावर सांगावी.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथलं मला एवढंच आठवतं, की मला फार मारलं. मारल्याशिवाय पत्रा गोल होत नाही, असं तिथे सगळ्यांचं मत होतं. पुढे मी परभणीतल्या एका भांड्यांच्या दुकानात येऊन उभा राहिलो. तिथे एक दिवस भीमाबाई मोरे आल्या. त्यांनी मला बोटाने टकटक वाजवून पाहिलं. आवाज पटला.

"तोटी घट्ट बसवा," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "टपटप करायला लागलं की आमचे हे झोपेतून उठून बसतेत."

त्यांची लेक पंचशीला बी.एस्सी. झाली होती. घराण्यातली पहिलीच. म्हणून माझ्यावर नाव घालून घ्यायचं होतं. तुम्ही भांड्यांवर नाव घालणारं मशीन पाहिलंय का? दाढदुखीचा जसा आवाज असावा, तसा त्याचा आवाज असतो. नाव घालणारा माणूस त्या आवाजात अर्धा बहिरा झालेला. जे कानावर पडेल ते कोरायचं, एवढाच त्याचा नियम. भीमाबाई सांगत गेल्या, तो कोरत गेला. माझ्या तोटीच्या बरोबर वर, ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत, त्याने लिहिलं :

'चि. पंचशीला बी.एस्सी. झाल्याबद्दल आई भीमाबाई व बाबा वाल्मिक मोरे यांजकडून सप्रेम भेट. एवढंच. चल, जयभीम.'

शेवटचे शब्द भीमाबाई त्याचा निरोप घेताना म्हणाल्या होत्या. त्याने तेही कोरले. पूर्णविरामांसकट.

वाल्मिकराव हसून हसून खाली बसले. भीमाबाई भांडायला परत निघाल्या, तर ते म्हणाले, "राहू दे. खोटं काय लिवलंय त्यानं?"

ती माझी सुखाची वर्षं. पाणी प्यायला येणारा माणूस आधी वाकायचा, मग वाचायचा, मग हसायचा आणि मग प्यायचा. गल्लीत माझ्याइतकं वाचलं गेलेलं दुसरं काही नव्हतं.

पुढे वाल्मिकराव गेले. पंचशीलाला मीरा रोडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली आणि तिने आईला बोलावून घेतलं. भीमाबाई मला घेऊन एसटीने निघाल्या. कंडक्टर म्हणाला, "हे लगेज." भीमाबाई म्हणाल्या, "हे घरातलं आहे." शेवटी मी खिडकीजवळ बसून आलो.

भाईंदरच्या पहिल्या घरी घरमालक काका एकदा सहज डोकावले. पाणी मागितलं, स्वतःच घ्यायला वाकले, आणि वाचलं. हसले नाहीत. पेला तसाच ओट्यावर ठेवला. पुढच्या महिन्यात म्हणाले, "माझा भाचा राहायला येतोय, घर रिकामं करा." मी असं ऐकलंय, की तो भाचा अजून जन्माला यायचाय.

त्यानंतर पंचशीलाने पंचशीला असणं थांबवलं. मीरा रोडच्याच पेणकरपाड्यात चौथ्या मजल्यावर नवं घर मिळालं, तेव्हा दारावर पाटी लागली : 'शीला मोरे'. घर दाखवणारा एजंट नाथा म्हणाला, "बेस्ट आहे मॅडम. मोरे कुठेपण चालतं. कागदावर पूर्ण नाव असू दे, ते पराग सर बघतात. हंसा मॅडम कागद वाचतच नाहीत. त्या फक्त ओटा पुसलेला आहे का बघतात." हंसाबाई म्हणजे घराच्या मालकीण. पराग त्यांचा मुलगा.

पाटी बदलता येते. मी स्टीलचा.

म्हणून असं ठरलं, की कुणी येणार असेल तर पिंप फिरवायचं. नाव भिंतीकडे. पण मित्रांनो, नावाच्या खालीच माझी तोटी. नाव भिंतीकडे गेलं की तोटीही भिंतीकडे. वरून झाकण काढून पाणी घ्यावं, तर डोक्याला टेकून डब्यांची फळी; मला भरतात तेसुद्धा रिकामा असताना पुढे ओढून. म्हणजे पाहुणा घरात असेपर्यंत मी काठोकाठ भरलेला आणि घर तहानलेलं.

"चोरी केली का गं आपण?" पहिल्यांदा फिरवताना भीमाबाईंनी विचारलं होतं.

"आई, घर हवंय ना?" पंचशीला म्हणाली होती.

त्यावर त्यांनी दुसऱ्या बाजूने मला हात लावला. पाहुणा गेला की मात्र जिन्यातली चप्पल वाजायची थांबण्याआधी मला सरळ करायच्या.

ॲग्रीमेंटचे अकरा महिने संपत आले. रविवारी दुपारी हंसाबाई स्वतः घर बघायला येणार आणि मग पुढचं ठरवणार, असा नाथाचा फोन आला. पंचशीलाने सकाळपासून ओटा तीनदा पुसला. माझ्यातून एक तांब्या पाणी काढून टेबलावर झाकून ठेवलं, आणि मला फिरवलं. भिंतीला नाक लावून मी वाट बघत राहिलो. समोर होता फक्त फोडणीचा एक जुना डाग; बाकीचं सगळं मी पाठीने बघायला शिकलो होतो. त्या डागाचा आकार आता मी कुठेही ओळखेन.

लिफ्ट बंद होती. नाथा आधी आला, धापा टाकत. आल्या आल्या त्याने टेबलावरचा तांब्या उचलला आणि वरून धार धरून रिकामा केला. घटाघटा. शेवटच्या थेंबापर्यंत.

"नाथा!" पंचशीलाचा आवाज चिरकला.

"काय मॅडम? पाणीच तर होतं."

तेवढ्यात हंसाबाई दारात. लालबागहून येऊन मीरा रोडला स्थिरावलेल्या, साठी ओलांडलेल्या, चार मजल्यांनी लालबुंद झालेल्या. खुर्चीत बसल्या, पर्समधून गोळी काढून तळहातावर घेतली.

"शीला, जरा पाणी दे गं. दुपारची गोळी राहिलीय."

 सिंकच्या नळाला पाणी संध्याकाळी येतं. तांब्या रिकामा. मी भरलेला.

"मी... मी खालून बाटली आणते," पंचशीला म्हणाली.

"वेडी का तू? एवढं मोठं पिंप आहे की." हंसाबाई उठून थेट स्वयंपाकघरात आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या. म्हणजे माझ्या पाठीसमोर. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. "ह्याला तोटी कुठाय?"

"मागे आहे."

"मागे? का?"

 मला माझ्यातलं पाणी हललेलं ऐकू आलं.

"वास्तू!" नाथा ओरडला. "वास्तू आहे मॅडम! तोटी ईशान्येला पाहिजे. घरात बरकत राहते. आजकल सब करते हैं."

हंसाबाईंनी मान वळवली. "ईशान्य तिकडे आहे."

तिकडे संडास होता.

"हां, तो... तसं नाही, उपईशान्य," नाथा म्हणाला, आणि मग आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच गप्प बसला.

हंसाबाईंनी पेला घेतला आणि भिंत व मी यांच्यामधल्या फटीत हात घातला. तोटी शोधत त्यांची बोटं चाचपडत वर सरकली आणि अक्षरांवर आली. ठिपक्यांवरून हळूहळू फिरली. पंचशीलाने डोळे मिटले. भाईंदर, टेम्पो, खोक्यांत भरलेला संसार, सगळं तिला पुन्हा दिसलं असणार.

"ह्याच्यावर काहीतरी लिहिलंय," हंसाबाई म्हणाल्या.

"व्हय, लिवलंय," भीमाबाई म्हणाल्या. "सरका जरा."

त्यांनी मला दोन्ही हातांनी कवेत घेतलं. भरलेलं पिंप फिरवणं सोपं नसतं. कडप्प्यावर माझं बूड करकरलं. "आई, नको ना," असं पंचशीला म्हणेपर्यंत मी उजेडात आलो होतो.

हंसाबाईंनी चष्मा लावला. वाचलं. प्रत्येक शब्द, मोठ्याने, शाळेत धडा वाचल्यासारखा. शेवटच्या ओळीवर त्यांचा ओठ जरा थरथरला, पण त्या हसल्या नाहीत. तळहातावरची गोळी घामाने विरघळायला लागली होती.

"म्हणून फिरवलं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो," पंचशीला म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. "घर कधी रिकामं करायचं, तेवढं सांगा."

"अगं, तुझ्या आधार कार्डाची झेरॉक्स माझ्या कपाटात आहे. वाचता येतं मला. पंचशीला वाल्मिक मोरे. पहिल्या दिवसापासून माहितीय."

पंचशीला पुढे आली.

"मग... मग शीला का म्हणत होतात?"

"तू पाटीवर तसं लावलंस म्हणून. आणि..." हंसाबाई थांबल्या. "सोसायटीतही मी तेच सांगितलं. शीला मोरे. जास्त काही बोलले नाही. म्हटलं, उगीच कशाला."

भीमाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे, बाई," त्या म्हणाल्या, "पिंप तुम्हीबी फिरवलंच की."

 आता घर गेलं, असं मला वाटलं. नाथाला तर नक्कीच वाटलं. तो चपला शोधायला लागला.

भीमाबाईंनी पेला तोटीखाली धरला, भरला आणि हंसाबाईंच्या समोर धरला. ओट्यावर ठेवला नाही. हातातच धरून उभ्या राहिल्या.

हंसाबाईंनी तो त्यांच्या हातातून घेतला. गोळी घेतली. पाणी संपवलं. मग पेला पुढे केला. "अजून द्या," त्या म्हणाल्या. "गार आहे."

दुसरा पेला संपल्यावर त्या म्हणाल्या, "नाथा, कागद तयार कर. अजून अकरा महिने." आणि निघाल्या. ओट्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पंचशीलाला याचं थोडं वाईट वाटलं, तीनदा पुसला होता.

जरा वेळाने खालच्या मजल्यावरून त्यांचा आवाज आला. सोसायटीचे सेक्रेटरी तिथे राहतात. "सुभाषराव, चौथ्या मजल्यावरचं नाव तुमच्याकडे अर्धंच आहे. नीट करून घ्या. पंचशीला. नाही, नुसतं शीला नाही. मी सांगते तसं."

सुभाषराव काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. पंचशीला दाराशी उभी राहून ऐकत होती. तिलाही ऐकू आलं नसावं. मग तिने स्टूल ओढलं, पेचकस घेतला आणि पाटीचा पहिला स्क्रू सैल करायला लागली.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरीही कुणाचं तरी नाव घातलेलं एखादं भांडं असेल. त्याला चिंचेने घासा, राखेने घासा, तुमची मर्जी. पण अक्षरांवरून हात जरा हलका फिरवा. आणि काहीही झालं तरी त्याला भिंतीकडे तोंड करून उभं करू नका. तिथे बघण्यासारखं काही नसतं. शिवाय बाहेर कुणीतरी तहानलेलं असतं.