नुसतं चित्र

संगणकाच्या खोलीत शिरल्यापासून भूगोलाच्या बाईंचं कशात लक्ष नव्हतं. बसल्या, उठल्या, पंखा डोक्यावर येतो म्हणून पलीकडे सरकल्या, तिथे उजेड तोंडावर आला म्हणून परत मूळ जागी आल्या. शेजारचे इतिहासाचे सर म्हणाले, "बाई, संगीत खुर्ची चाललीय का?" बाई हसल्या. हल्ली त्या कशालाही हसायच्या. हसलं की माणसं पुढचं काही विचारत नाहीत.

कारण असं, की बाईंना समोरचं मधोमध दिसत नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, कडेचं राहील, मधलं जाईल. आणि ते गेलंच होतं. माणसाचे कान दिसत, नाक दिसत नसे. पण नकाशे बाईंना इतके पाठ होते, की नदीवर नेमकं बोट ठेवून त्या तिला थेट समुद्रापर्यंत पोहोचवून येत. पोरं त्यांना नकाशाबाई म्हणत. नवरा आणि धाकटी बहीण सोडली तर कुणाला काही पत्ता नव्हता. बहिणीनेच मोबाइल बोलता करून दिला होता, आलेला मजकूर तो वाचून दाखवायचा; आणि रोज डोकं खायची ती वेगळंच. "ताई, एकदाचं सांगून टाक ना शाळेत!"

"सांगितलं की दहावी काढून घेतील. मग मी काय पुस्तकांना कव्हरं घालत बसू?" बाईंचं उत्तर ठरलेलं. दहावीचा वर्ग म्हणजे त्यांचा जीव की प्राण होता.

आणि आता हे प्रशिक्षण नेमकं त्यांच्याच शाळेत येऊन धडकलं. ज्या मुलांना दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्यांचे हात नीट चालत नाहीत, त्यांना संगणकावर कसं शिकवायचं, याचं. शिकवायला आलेले पाहुणे सर स्वतः दृष्टिहीन. काठीची घडी घालून त्यांनी टेबलावर ठेवली आणि सुरुवातच केली, "हात वर करू नका, मला दिसत नाही. तोंडाने बोला. शिक्षकांना ते जमतंच." खोली हसली. बाईंना मात्र त्यांचा रागच आला. इतकं मोकळं कसं राहता येतं एखाद्याला?

चहाच्या सुट्टीत इतिहासाचे सर कप घेऊन जवळ आले. "बाई, उपकार झाले तुमचे. तुम्ही दहावी सोडलीत म्हणून माझी वर्णी लागली."

"मी? मी कधी सोडली?"

"अहो, नोटीस नव्हती का ग्रुपवर? दहावीचा वर्ग पुढेही हवा असेल त्यांनी लेखी कळवावं, नाही कळवलं तर दुसऱ्याला देऊ. तुम्ही तर त्याखाली नुसते जोडलेले हात टाकून मोकळ्या! मोठ्या बाई म्हणाल्या, बघा, किती समजूतदारपणे सोडली."

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. शाळेच्या ग्रुपवर सकाळपासून फुलं, सूर्य आणि सुविचार यांचा रतीब असायचा. मोबाइल त्या प्रत्येकाला एकच शब्द म्हणायचा, "चित्र." मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, नोटिशीच्या कागदाचा फोटो काढून टाकला, तेव्हाही तो तेवढंच म्हणाला होता. बाईंना वाटलं, फुलं. मोठ्या बाईंची फुलं, मान राखायला हवा, म्हणून लगेच हात जोडले. शिवाय मोठ्या बाईंनी जिन्यात विचारलंही होतं, "बघितलीत ना नोटीस? मग मी तसंच समजू?" आणि ह्यांनी वेळ मारून न्यायला ठोकून दिलं होतं, "हो हो, तसंच समजा." काय समजायचं ते स्वतःला न समजता!

चहा गार झाला. आता कोणत्या तोंडाने जायचं? वाचली नाही म्हणावं तर बेजबाबदार, विसरले म्हणावं तर वय झालं. आणि खरं सांगावं तर वर्ग कायमचाच जाणार. बाई दारापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या.

सुट्टीनंतर पाहुण्या सरांनी सगळ्यांना संगणकांचे पडदे बंद करायला लावले. "आता तुमच्याच शाळेचा एखादा कागद ऐकू या. आहे कुणाकडे?"

मागे बसलेल्या मोठ्या बाई हौसेने उठल्या. "माझी नोटीस घ्या. नीट तपासून काढलीय, एक चूक सापडायची नाही."

पाहुण्या सरांनी नोटीस उघडली. संगणक खणखणीत आवाजात म्हणाला, "चित्र."

"पुढे?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"पुढे काही नाही."

"असं कसं? चांगली पानभर आहे!"

"कागदाचा फोटो आहे बाई. तुम्हाला अक्षरं दिसतात. याच्या लेखी ते नुसतं चित्र."

"पुन्हा लावा बघू."

"चित्र," संगणक म्हणाला. कुणीतरी फिसकन हसलं.

"मलाही एवढंच ऐकू आलं होतं."

भूगोलाच्या बाई बोलून गेल्या. गंमत केली, असं म्हणून अजून सावरता आलं असतं. पण सावरून सावरून त्यांना वीट आला होता.

"ऐकू?" मोठ्या बाई वळल्या. "तुम्ही नोटीस ऐकता?"

"सगळंच ऐकते. मधलं दिसत नाही मला. तुमची नोटीस मला फुलं वाटली."

कुणी हसलं नाही. पाहुणे सर तेवढे म्हणाले, "माझ्याकडेही रोज येतात अशी फुलं. सगळी एकाच जातीची."

"मग जिन्यात हो कशाला म्हणालात?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"नाही म्हटलं असतं तर कारण विचारलं असतंत." भूगोलाच्या बाई म्हणाल्या. "वर्ग जाईल ही भीती होती मला."

मोठ्या बाई पुढे आल्या, बंद पडद्यासमोर बसल्या आणि टाइप करू लागल्या. इतिहासाच्या सरांनी उगाच घसा खाकरला. मग संगणक बोलला, "दहवीचा वर्ग ज्यांना पुढेही हवा असेल त्यांनी लेकी कळवावे."

"लेकी काय, मेल्या! लेखी!" मोठ्या बाई संगणकावरच डाफरल्या. मग थांबल्या. सगळं खोडून त्यांनी ओळ नव्याने लिहिली, या वेळी सावकाश.

"दहावीचा वर्ग ज्यांना पुढेही हवा असेल त्यांनी कळवावे," संगणक म्हणाला.

भूगोलाच्या बाई उभ्या राहिल्या. सवयीने हात वर गेला होता, तो त्यांनी खाली घेतला.

"मला हवाय," त्या म्हणाल्या.