सात मात्रांची वाट

मित्रांनो, धायरीला शालन मेश्राम यांच्या घरी खिडकीजवळच्या टेबलावर पिवळट पडलेला एक संगणक दिसतो ना, तोच मी. आता माझं बरंच वय झालं आहे.

२००२ साली तपकीर गल्लीतल्या एका दुकानात माझे भाग जोडले गेले. शालनताई टपाल खात्यात कारकून होत्या. त्यांनी मला घेतलं ते गाण्यासाठी. नारायण पेठेतल्या एका लहानशा कंपनीनं ‘सुरेल’ नावाचं सॉफ्टवेअर काढलं होतं. त्यात स्वर लिहिले की मी ते पेटी-तबल्याच्या आवाजात वाजवून दाखवत असे. वस्तीतल्या बायका माझ्यासमोर बसून गाणी बसवत. त्याचा मला फार अभिमान वाटे.

शालनताईंच्या आई यमुनाबाई. भंडाऱ्याकडे तीस वर्षं विड्या वळून त्यांनी लेकीला शिकवलं होतं. विड्या वळताना त्या स्वतः रचलेलं एक गाणं म्हणत. आता त्या लेकीकडेच राहत, पण गाणं म्हणताना त्यांना दम लागे. आईच्या डोळ्यांदेखत हे गाणं दहा जणींच्या तोंडी जावं, येत्या बुद्धपौर्णिमेला विहारात म्हटलं जावं, असं ताईंच्या मनात होतं.

पण गाणं होतं सात मात्रांचं, आणि ‘सुरेल’ला येत चार आणि आठच. मी ते वाजवलं, तेव्हा प्रत्येक ओळीला अडखळलो. यमुनाबाई हळूच म्हणाल्या, “हे माहं गाणं नाही वं माय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईंचे यजमान दशरथराव म्हणाले, “एक मात्रा वाढव की. कुणाला कळतंय?”

“आईला कळतंय,” ताई म्हणाल्या.

जानेवारीत कंपनीनं जाहीर केलं, की सात मात्रांसह नवी आवृत्ती मार्चअखेर येणार. मग दर शनिवारी ताई मला फोनची तार जोडत. मी किर्र किर्र करत कंपनीच्या पानावर पोहोचे. तिथे एकच ओळ असे, ‘लवकरच उपलब्ध’. मार्च संपला. एप्रिलचाही पहिला आठवडा गेला.

“कोणत्या सालचा मार्च, ते विचारलंस का त्यांना?” दशरथराव पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

ताईंनी पर्स उचलली आणि थेट नारायण पेठ गाठली. रविवारी त्यांच्यासोबत उत्कर्षा नावाची तरुण मुलगी घरी आली. सॉफ्टवेअर तीच लिहीत होती.

“मॅडम, ठेका तयार आहे,” ती म्हणाली. “पण ऐकताना नुसतं घड्याळ वाजल्यासारखं वाटतं. असा द्यायला मन होईना, म्हणून थांबवलाय.”

यमुनाबाईंनी वहीचा एक कागद फाडला आणि विडीचं पान म्हणून हातात धरला. “इकडं पाह्य पोरी. गुंडाळाले तीन. तोंड मुडपाले दोन. दोरा बांधाले दोन.” हात चालू लागले तसं गाणंही सुरू झालं.

उत्कर्षा टेबलावर बोटं आपटत मोजत होती. “आजी, पुन्हा एकदा?” असं तिनं नऊ वेळा म्हणवून घेतलं. मग एकदम थांबली. “तिसरी मात्रा तुम्ही जराशी लांबवता!”

“पान आवळावं लागते नं,” यमुनाबाई म्हणाल्या.

नेमकं तेवढंच राहिलं होतं.

बुद्धपौर्णिमेच्या दहा दिवस आधी उत्कर्षा सीडी घेऊन आली. ती घेताना मी दोनदा बंद पडलो. तिनं माझं झाकण उघडलं, ब्रशनं धूळ काढली, मेमरीची एक पट्टी वाढवली आणि पाठीवर थोपटल्यासारखं झाकण लावलं. मग मी वाजवलं. यमुनाबाईंचे हात मांडीवर आपोआप फिरू लागले.

“हो,” त्या म्हणाल्या. “हेच.”

दशरथरावांनी स्वतः मला मांडीवर घेऊन रिक्षानं विहारात नेलं. दहा जणी गायल्या, मी साथ केली. पहिल्या रांगेत यमुनाबाई ओठ हलवत होत्या. आयुष्यात इतका ताठ मी कधीच उभा राहिलो नव्हतो.

आता यमुनाबाई नाहीत. मीही क्वचितच सुरू होतो. मित्रांनो, जुनं यंत्र भंगारात द्यायला हरकत नाही. पण देण्याआधी ते एकदा सुरू करा, त्यात कुणाचा आवाज, कुणाची मेहनत राहिली आहे ते पाहा आणि जपून उतरवून घ्या. नवी आवृत्ती सगळ्यांना मिळाली, तेव्हा तिच्या तालांच्या यादीत रूपक, झपताल यांच्या खाली आणखी एक नाव होतं: यमुना. ते नाव सर्वांत आधी माझ्या पडद्यावर उमटलं.