डावा तळहात

"आजही तोंड लावलं नाही हो बाबा तिने," सून म्हणाली आणि मान दुसरीकडे फिरवून लांब चिमट्यातला रातकिडा तिने काचेच्या पेटीत सोडला. "राहू दे आत. भूक लागली की खाईल."

"ता! ता!" पलंगावरून मिस्त्री ओरडले.

"आले, आले," म्हणत तिने पलंगाखालचं भांडं काढलं.

भांडं नको होतं. किडा बाहेर काढायला हवा होता. पण चार महिन्यांपूर्वी आलेल्या झटक्याने मिस्त्रींची उजवी बाजू नेली, जाताना वाचाही नेली. मागे उरलं ते एक 'ता' आणि एक डावा हात. मूठ मिटली की 'हो', बोट हलवलं की 'नाही' आणि काही हवं असलं तर उशाजवळची घंटी. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली होती. मध्येच अडकलेल्या माणसांना बाहेरून "घाबरू नका, मी आलोय" असं ओरडून सांगायची त्यांना सवय. आता ते स्वतःच आत अडकले होते आणि बाहेर कुणी मिस्त्री नव्हता.

पेटी पलंगासमोरच्या फळीवर होती. तिच्यात राहायची ती पंजाएवढी केसाळ कोळीण, बाईसाहेब. अठरा वर्षांपूर्वी तांदळाच्या दाण्याएवढी असताना ती घरात आली. "एक तर ती राहील, नाहीतर मी," असं बायकोने तेव्हाच बजावलं होतं. बजावता बजावता चौदा वर्षं गेली, शेवटी बायकोच आधी गेली आणि जाताना "तिला उपाशी ठेवू नका" असंही सांगून गेली. सुनेला कोळ्यांची भयंकर किळस. तरी ती बिचारी रोज चिमटा घेऊन उभी राहायची. नवरा बोटीवर, सासरा पलंगावर, दुपारी दोनपासून औषधांच्या दुकानातली नोकरी, आणि वर ही सासूची सवत. तिने कधी कपाळाला आठी घातली नाही, ही गोष्ट खरी.

झटका यायच्या आठच दिवस आधी चष्मेवाला त्याचा नर घेऊन आला होता. चष्मेवाला म्हणजे मिस्त्रींचा या वेडातला एकुलता एक सोबती. नराची शेवटची कात टाकून झालेली, म्हणजे त्याचे दिवस भरत आलेले. तो पेटीत उतरला, पुढच्या पायांनी त्याने जमिनीवर टकटक केली आणि समोरून बाईसाहेबांनीही टकटक करून उत्तर दिलं. मिस्त्री मध्ये घालायला पुठ्ठा घेऊन तयार होते, कारण कार्य उरकलं की बाईसाहेब नवरदेवालाच गट्टम करायच्या. अर्ध्या मिनिटात आटोपलं. नर तेव्हा वाचला, महिन्याभराने आपल्या मरणाने मेला.

तेव्हापासून चष्मेवाला दर रविवारी यायचा, पेटीत डोकावायचा आणि विचारायचा, "जमली का हो जोडी?"

आता हे सांगायचं कसं? अंडी धरली की कोळीण फुगते आणि अन्न सोडते. कात टाकायची वेळ आली तरी ती फुगते आणि अन्न सोडते. फरक फक्त पाठीमागच्या, केस गेलेल्या टकलात. ते टक्कल काळं पडू लागलं की समजावं, कात येतेय. आणि कात पडली की नराने दिलेलं बीज त्या कातीबरोबरच जातं. सगळं मुसळ केरात. शिवाय कात टाकताना तिचं अंग इतकं मऊ असतं की एवढासा रातकिडाही तिला कुरतडून मारू शकतो. हे सगळं मिस्त्रींना पाठ होतं, आणि सुनेला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. ती आपली सगळ्यांना सांगायची, "बाईसाहेबांना डोहाळे लागलेत."

एकच्या सुमाराला बाईसाहेब वळल्या आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांची पाठ पलंगाकडे झाली. टक्कल काळंकुळकुळीत होतं. जोडी फुकट गेली होती. चष्मेवाल्याचा नर गेला आणि त्याच्यामागे काहीच उरलं नव्हतं.

त्याचं दुःख करायलाही वेळ मिळाला नाही. बाईसाहेबांनी जाळ्याची चटई विणली आणि हळूच त्या उताण्या झाल्या. कोपऱ्यातला रातकिडा मिशा हलवत पुढे सरकला. मिस्त्रींनी घंटी वाजवली, वाजवतच राहिले.

सून ओल्या हातांनी धावत आली. त्यांच्या बोटाच्या दिशेने तिने पाहिलं. कोळीण पाय पसरून उताणी, आणि किडा तिच्या पोटावर चढलेला.

"अगं बाई," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली. "गेली हो, बाबा."

कोळी मरतो तेव्हा पाय पोटाशी घेऊन मरतो. उताणा पडतो तो जगायला. हे एवढं एक वाक्य मिस्त्रींच्या छातीत अडकून बसलं. "ता," ते म्हणाले. "ता, ता." ते जिवाच्या आकांताने बोट हलवू लागले.

"नाही म्हणून कसं चालेल, बाबा?" सून डोळे पुसत म्हणाली. "अठरा वर्षं केलंत तिचं. कळतं मला."

मग जे तिने चार महिन्यांत केलं नव्हतं ते केलं. झाकण पूर्ण काढलं, किडा चिमट्याने उचलून खिडकीबाहेर टाकला, आणि दात आवळून बाईसाहेबांच्या खाली चटईसकट बशी सरकवली. अलगद, फार मायेने. "एकदा हातात घ्या. मग मी कुंडीत पुरते," म्हणून तिने त्यांच्या कोपराखाली उशी दिली आणि बाईसाहेबांना त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं.

अठरा वर्षांत मिस्त्रींनी तिला कधी हातात घेतलं नव्हतं. हातातून पडली तर पोट फुटून मरते, म्हणून. आता ती हातात होती, आणि बोलायला तो एकच हात होता. मूठ मिटता येईना, बोट हलवता येईना, घंटीही वाजवता येईना. चटईतून पायाची बारीकशी ओढ लागली. एकदा. मग पुन्हा.

"द्या इकडे," सुनेने हात पुढे केला.

मिस्त्रींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. झटका आला तेव्हाही ते रडले नव्हते. सुनेचा हात मागे गेला.

"बरं, राहू द्या. संध्याकाळी पुरू." तिने त्यांचं तोंड पुसलं, घोटभर पाणी पाजलं. "काही लागलं तर घंटी वाजवा. शेजारच्या काकूंना सांगून ठेवते."

ती कामावर गेली. मिस्त्री तळहाताकडे पाहत राहिले. तासाभराने कवचाच्या कडेला चीर पडली. मग काहीच होईना. मग एक पाय इतका हळू बाहेर आला की आला कधी ते कळलं नाही. हाताला मुंग्या आल्या, पुढे तो बधिर झाला. हात थरथरू लागला की मिस्त्री श्वास रोखायचे. चारच्या सुमाराला लघवीची घाई झाली. घंटी बोटापासून वीतभर होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग डोळे मिटले आणि लहान मुलासारखे अंथरुणातच मोकळे झाले. लाज वाटली. फार वाटली. पण हात हलला नाही.

सहाला कुलूप उघडलं. सुनेला आधी वास आला, मग चादर दिसली.

"अहो बाबा, घंटी का नाही वाजवली?"

मग तिला हात दिसला. तळहातावर एक काळं, पोकळ कवच पडलं होतं आणि त्याच्याशेजारी बाईसाहेब होत्या, ओल्या, फिकट, एकेक पाय ताणून पाहणाऱ्या.

पिशवी खांद्यावर तशीच ठेवून ती पलंगापाशी खाली बसली. "जिवंत होती?" ती म्हणाली. "आणि मी तिला मातीत घालायला निघाले होते." मग नाक पुसून हळूच तिने विचारलं, "म्हणजे सगळं नीट आहे ना, बाबा? जोडी जमली ना? कळवू ना चष्मेवाल्यांना?"

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. 'नाही' म्हणायला बोट हलवावं लागलं असतं, आणि त्या बोटावर बाईसाहेबांचा एक मऊ पाय टेकला होता. त्यांनी हात तसाच उघडा ठेवला.