उलटी सुरमई

आता तुम्हीच सांगा, विसावा मजला, खिडक्या बंद, एसी चालू आणि टेबलावर तीन किलोची सुरमई! अल रीम आयलंडच्या त्या पार्टी हॉलमध्ये चित्रविनोद क्लबचे अकरा सभासद नाकाला रुमाल लावून तिचं चित्र काढत होते, आणि कशफला हसू आवरत नव्हतं.

क्लब निघाला १८८९ साली, गिरगावात. अबू धाबीत आला तो अध्यक्ष चारुदत्तकाकांच्या बॅगेतून, जुन्या नियमांसकट. विषय अर्जदाराने आणायचा. सगळ्यांनी, अध्यक्षांनीसुद्धा, दोन तासांत तोच रंगवायचा. सही नाही, नावाची चिठ्ठी चित्रामागे. आणि चित्रं टांगायची उलटी, डोकं खाली, म्हणजे कोणाचं काय ते कळत नाही, नुसते रंग दिसतात. अध्यक्षांचा शेरा वहीत गेला की खलास, ब्रह्मदेव आला तरी पुसायचा नाही.

अर्जदाराला संधी तीन. कशफची ही तिसरी. आधी दोन्ही वेळा काकांनी "या मुलीचा हात कच्चा" म्हणून वाटेला लावलं होतं. दोन्ही वेळा ती बसमध्ये रडली होती. म्हणून आज तिने अब्बांना सांगून सुरमईच आणवली. दर शुक्रवारी ती घरी मासे साफ करते, सुरमईची पाठ कशी चमकते ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

काका उलट्या चित्रांपुढून फिरू लागले. सातव्यापाशी थबकले.

"ओहो! ही निळी झाक बघा! स्वतःचं कौतुक स्वतः करू नये, पण आपला हात लपत नाही हो. सुनेत्राताई, लिहा, सर्वोत्तम."

कशफने चमकून पाहिलं. सातवं तिचं होतं! तिने ओढणीचं टोक दातात धरलं.

"आणि हे तिसरं? मासा आहे की भरलं वांगं? ही मुलगी काही सुधारायची नाही. लिहा, हात कच्चा, क्लबातून बाद."

वही सांभाळणाऱ्या सुनेत्राताईंनी लिहिलं आणि चिठ्ठ्या उघडल्या. "सात, कशफ परकार. सर्वोत्तम, म्हणजे आजपासून सभासद. तीन..." त्यांना ठसका लागला. "तीन, चारुदत्त लेले."

अगं बाई! जो हशा उसळला म्हणता! अंकुर तर हसता हसता स्टँडसकट आडवा झाला. काकांचा चेहरा पार पडला.

"शेरा... बदलता येईल?"

"नियम तुमचाच ना, काका," सुनेत्राताईंनी वही छातीशी धरली. "बाद झालेल्याने नव्याने अर्ज करायचा. सभासदाच्या शिफारशीने."

काकांनी उभ्या उभ्या अर्जाचा फॉर्म भरला आणि सरळ तो घेऊन कशफसमोर आले. "कशफ," ते म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा तिचं नाव! "देतेस शिफारस?"

तिला एकदम इतका आनंद झाला की तिने फॉर्मच ओढून घेतला. तिने लिहिलं, "हात कच्चा. नजर पक्की. घ्यावं." आणि झोकात सही ठोकली.

काकांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि खो खो हसले.

"म्हणजे पुढचा विषय मी आणायचा. वांगंच आणतो, तेवढं तरी जमेल!"